रेघेला लागलेला हात

मुलुंडच्या कारखान्यात मी टेंपररी होतो. वडिलांची गिरणी सुटलेली, घरात खाणारी तोंडं सहा. आमचा गोरा साहेब मुंबईच्या रग्बी टीमचा कप्तान. जेवणाच्या सुट्टीत आम्ही हुतुतू खेळायचो, ते त्याने पाहिलं आणि फोरमनकरवी मला निरोप धाडला. माझ्या टीमकडून खेळ, सिलोनला जाणाऱ्या टीममध्ये आलास तर नोकरीत कायम करतो.

त्या ‘कायम’पायी मी वर्षभर गुडघे सोलून घेतले. अंड्यासारखा तो चेंडू, सरळ उडेल तर शपथ. पण तो काखेत मारून पळणाऱ्याला आडवं करायचं असेल, तर पकडी आम्ही चड्डीत असल्यापासून करत आलो होतो. आई रोज दारातच विचारायची, "कायम झालस काय रे?" मला जेवण जाईनासं झालं.

शेवटच्या सामन्यावर निवड होती. चेंडू माझ्याकडे आला आणि मी जीव खाऊन पळालो. रेघेपाशी तिघं अंगावर पडले. रग्बीत रेघेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवावा लागतो. हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण त्या ओझ्याखाली डोकं बंद पडलं आणि अंग हुतुतू खेळायला लागलं. मी दम धरला, चेंडू छातीशी आवळला आणि मोकळा हात ताणून रेघेला लावला. हुतुतूत दम न सोडता मधल्या रेघेला हात लागला, की आपण सुटलो आणि धरणारे सगळे मेले. मी निवांत पडून राहिलो. मनात म्हटलं, तिघं मारले, झकास.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या पोटाखालून चेंडू उपसून नेला आणि सगळे उलट्या दिशेने धावत सुटले. तेव्हा कळलं, वाट लागली. मातीत तोंड खुपसून मी रडलो.

सामना संपल्यावर साहेब जवळ आला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे विचारलं, "व्हाय डिड यू स्टॉप?"

थांबलो कुठे रे बाबा, मी तर सुटलो होतो. दम, पकड, रेघ, सगळं ओठांवर आलं होतं. पण फोरमन तिथे नव्हता, आणि हुतुतू समजावून सांगण्याइतकं इंग्रजी मला कोणी शिकवलं नव्हतं. घाबरून थांबलो असंच त्याला वाटलं असणार. "सॉरी सर," मी म्हणालो. सिलोनला दुसरा गेला, आणि महिनाअखेरीला मला गेटवर पास जमा करायला सांगितलं.