सोवळ्यातलं पातेलं

अष्टमीच्या दिवशी नलूआत्याने शेगडीवरून पुरणाच्या डाळीचं पातेलं उतरवलं आणि ती खाली बसली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नलूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. देवासच्या आमच्या घरातला नवरात्राचा नैवेद्य वर्षानुवर्षं तिनेच केला. पहाटे आंघोळ, सोवळ्याची लोकरी धाबळी, मग स्वयंपाक. पन्नास पानांची डाळ पितळी पातेल्यात शिजायची. ते उतरवायला कुणी पुढे झालं की ती डोळे वटारायची. "ओवळ्याने हात नको लावू. आंघोळ करून, सोवळं नेसून ये, मग धर."

माझा चुलतभाऊ चिडवायचा, "आत्या, देवीला निदान वाघ तरी आहे. तुला कोण?"

"तू हो ना, भिया!" भाच्याला ती इंदुरी थाटात 'भिया' म्हणायची. "पहिले नहाऊन तर ये."

सगळे हसायचे. नहायला कुणी जात नसे. मीही नाही.

श्रावणात तिने मला दार लावायला सांगितलं. जांघेच्या घडीखाली सुपारीएवढी गाठ होती. "उभी राहिले की येते, आडवी झाले की जाते. कुणाला सांगू नकोस, माझी शपथ आहे." मी ग्रंथालयात काम करते, मला पुस्तकच सुचलं. त्यात होतं ते तिला वाचून दाखवलं: जांघेच्या घडीखालचा हा हर्निया बायकांमध्ये जास्त दिसतो, जड उचलताना जोर पडतो, आतडं अडकलं तर जिवावर बेततं.

"हर्निया पुरुषांना होतो, बाई. तुझं पुस्तक चुकलं," ती म्हणाली. "आणि तिथलं दाखवू कुणाला?"

इंदूरच्या एका बाई सर्जनकडे मी दोनदा वेळ घेतली. दोन्ही वेळा ती तयार झाली आणि दारातून परतली. "नवरात्र होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येते." मी चिडून बोलणंच सोडलं. तिची शपथ मात्र पाळली. इतकी पुस्तकं वाचून मी काय पाळलं, तर ते.

अष्टमीला मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, बिनआंघोळीची. तिने पातेलं उचललं. गाठ आली ती आत गेलीच नाही. तिला उलट्या सुरू झाल्या. "पित्त आहे," तिने सगळ्यांना सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नैवेद्य होऊ दे गं." पंगती उठेपर्यंत मी गप्प राहिले. संध्याकाळी बाबांना सांगितलं, तेव्हा ते ओरडले, "आत्ता सांगतेस?" रात्रीच शस्त्रक्रिया झाली. आतडं काळं पडलं होतं. दवाखान्यात तिला किती जणांनी हात लावला, कुणी मोजलं नाही.

यंदा नैवेद्याचं पुरण हलवायाकडून आलं. ते कुणी शिजवलं, कुणी शिवलं, हे घरात कुणीही विचारलं नाही.

पातेलं माळ्यावर आहे. ते चढवायला आम्ही तिघं लागलो. तिघांपैकी कुणीही आंघोळ केली नव्हती.