पाटावरून उठताना

माझं वजन किती होतं ते मी सांगणार नाही. वजनकाटा खताच्या गोण्यांसाठी असतो, असं मी दुकानात सगळ्यांना ऐकवायचो आणि स्वतः त्याच्यापासून चार हात लांब राहायचो. युसूफ वडगावच्या रस्त्याला माझं बी-बियाणांचं दुकान आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही ही माझी रीत, आणि एकट्यानं चहा प्यायचा नाही ही गिऱ्हाइकाची. या दोन रीतींच्या मध्ये माझं पोट सुखानं वाढत गेलं. शिवाय टेबलाच्या खणात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. एवढं सगळं रिचवून संध्याकाळी घरी गेलो की मी बायकोला छातीठोकपणे सांगायचो, "दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही." ती बिचारी गरम भाकऱ्या वाढत राहायची आणि मी पोटाची कीव करत खात राहायचो.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात माझं पितळ उघडं पडलं. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, आणि आमच्याकडे त्या महिन्यात जावयाला देवाच्या जागी मानून जेवू घालतात. पुरण भरून उकडलेले धोंडे आणि वर तुपाची धार. वाणात तेहतीस द्यायची पद्धत. हा आकडा वाणाचा आहे, पंगतीचा नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझी सासुरवाडी धारूरची. पाटाभोवती रांगोळी काढलेली, शेजारच्या पाटावर सासरे. मी मांडी घातली, म्हणजे एक पाय आत घेतला आणि दुसरा त्याला वाटेल तिकडे जाऊ दिला. जेवण झकास झालं. उठायला गेलो तर उठताच येईना. शेवटी दोन मेहुण्यांनी काखेत हात घालून, चिखलात बसलेल्या बैलाला काढतात तसं "हां, हां" करत मला उभं केलं. तेवढ्यात पाट तडकला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर सासुरवाडीला गेलो की माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणि पुढे स्टूल मांडलेलं असायचं. बाकीचे सगळे खाली पंगतीत, मी एकटा वर. पूर्वी शेजारी बसून सासरे माझ्या कानात सगळ्या भावकीच्या भानगडी सांगायचे. आता ते खालून माझ्या पायांशी बोलायचे आणि मी वरून त्यांच्या टोपीला उत्तर द्यायचो. भानगडी बंदच झाल्या. हे मला फार लागलं. पुढच्या धोंड्याच्या जेवणाला पाटावर बसायचं आणि कोणाचाही हात न धरता उठायचं, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

ती खुर्ची मांडली होती सासूबाईंनी. त्या माझ्याशी कधी सरळ बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दाराआडून, लेकीच्या मार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि त्या लेकीला सांगतात, "पाव्हण्यास्नी म्हणावं, अजून एक घ्या." मीही बायकोला सांगतो, "बास म्हणावं." जुन्या चालीच्या घरात सासू-जावयाचं असंच असतं, आणि त्यात आमचं काही अडलं नव्हतं.

वजन उतरवायला मी आधी सकाळी चालायला निघालो. आमच्या रस्त्यावर माणसाला सुखानं चालता येत नाही. मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल थांबते. "शेठ, पायी कावून चालायलाव? गाडी बिघडली का? बसा की!" नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. म्हणून मी बसायचो, चौकात उतरायचो, आणि उतरवणारा म्हणायचा, "आता आलावच तर भजे खाऊ." व्यायाम सुरू केल्यावर माझं वजन वाढलं, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

तेच म्हणाले, "जे म्हातारपणापर्यंत निभेल तेवढंच सोडा. महिनाभराची नाटकं करू नका." मग मी चहातली साखर सोडली. चहा नाही, कारण दुकान चालवायचं होतं. खणातला गूळ काढला आणि तिथं बिलबुकं ठेवली. ती खाता येत नाहीत. ताटात आधी भाजी, मग एक भाकरी, आणि हात धुऊनच उठायचं. रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरकायचं. सुरुवातीला मी जगावर इतका चिडलेला असायचो की एका गिऱ्हाइकाला फवारणीचं औषध नीट समजावून सांगायच्या ऐवजी त्याच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत बसलो होतो. पण हळूहळू सवय पडली. जिभेला बिनसाखरेचा चहा आवडू लागला, आणि हा मला जिभेनं केलेला विश्वासघातच वाटला.

पँट ढिली झाली तसा मी फुगलो. बाजारात दिसेल त्याला माझा संयम सांगायचो. पण आमच्याकडे माणूस आपण होऊन बारीक होतो यावर कोणाचा विश्वास बसत नाही. लोक मला भेटायला येऊ लागले, केळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन. खुर्ची जवळ ओढून, आवाज उतरवून विचारायचे, "नक्की काय निघालं तपासणीत?" मी खडखडीत बरा आहे म्हटलं की ते एकमेकांकडे बघून मान हलवायचे. धारूरहून मेहुण्याचा बायकोला फोन आला, "दाजीला शुगर हाय का? लई वाळले म्हणं." बायकोनं हसून उडवून लावलं. मलाही गंमतच वाटली.

यंदा धोंड्याचा महिना आला. सासुरवाडीला पोचलो तर खुर्ची मांडलेलीच होती. मी ती स्वतः उचलून भिंतीला लावली आणि सासऱ्यांच्या शेजारी पाटावर मांडी घातली. दोन्ही पाय जिथल्या तिथं. मी ऐटीत इकडेतिकडे पाहिलं. सासऱ्यांनी लगेच माझ्या कानाशी तोंड आणून चुलत्याची एक भानगड सुरू केली, आणि मला इतका आनंद झाला की ऐकलेलं काहीच कळलं नाही.

सासूबाई धोंडे वाढायला आल्या. हात पुढे झाला तेव्हा बांगड्या सरकून कोपराकडे गेल्या. पूर्वी त्या मनगटात रुतलेल्या असायच्या. मी एक धोंडा घेतला आणि सवयीनं ताटावर हात आडवा धरला. "बास म्हणावं," मी बायकोला म्हणालो. सासूबाई भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"घ्या की वो," सासरे म्हणाले. "तुमी खाल्लं तर ती खाईन. तुमी बरे होईस्तोर गोड तोंडात घालणार न्हाई म्हणून देवीला बोललीय. साल झालं. सणाला बी न्हाई खाल्लं."

बायकोचा हात थांबला. तिलाही हे ठाऊक नव्हतं. मी साखर सोडली तर सगळ्या बाजाराला सांगत सुटलो होतो, आणि या बाईनं माझ्यासाठी गोड सोडलं ते लेकीलाही कळू दिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली आणि डोळे भरून आले.

मी ताट सरकवलं आणि उठलो. अर्ध्यात तोल गेला. मेहुणे धावले, त्यांना मी नजरेनंच थांबवलं. कोणाचा हात न धरता सरळ उभा राहिलो, सासूबाईंच्या हातातल्या भांड्यातून एक धोंडा उचलून वाटीत ठेवला आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

"मामी, मी आजारी नाही. मुद्दाम बारीक झालोय. बघा, एकटा उठलो."

त्यांचा पदर थोडा मागे सरकला.

"मुद्दाम?" त्या थेट मला म्हणाल्या. "मग सांगितलं कावून न्हाई?"

त्यांनी उभ्याउभ्याच धोंड्याचा तुकडा मोडून तोंडात घातला, डोळे पुसले, आणि मध्ये लेकीला न घालता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अजून एक घ्या, पाव्हणं."

मी पुन्हा मांडी घालून पाटावर बसलो.