नावेच्या पुढच्या टोकाला

टायटॅनिक कशी बुडाली हे मला तेव्हा तोंडपाठ होतं, आणि पोहता मात्र येत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. नेवासे तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावी मी शाळेवर गुरुजी होतो. तालुक्याला सातवीच्या मुलांची वादविवाद स्पर्धा होती आणि कुणा हौशी माणसाने विषय काढला होता, ‘कप्तानाने वेगळे हुकूम दिले असते तर टायटॅनिक वाचली असती काय?’ समुद्र ना मुलांनी पाहिलेला, ना मी.

फळ्यावर जहाज काढून मी शिकवलं. बर्फाच्या सूचना आल्या तरी वेग कमी केला नाही, ही पहिली चूक. हिमनग दिसल्यावर जहाज वळवायला गेले, म्हणून त्याची कूस फाटली, ही दुसरी. सरळ धडकले असते तर नुसतं नाक चेपलं असतं आणि जहाज तरंगत राहिलं असतं, असं काही जाणकार म्हणतात. हा शेवटचा मुद्दा मी फार रंगवून सांगितला. स्पर्धेला निवडलेली मुलगी हुशार होती. तिने विचारलं, “गुरुजी, पर नाकाकडं कोन झोपलेलं हुतं?” मला ठाऊक नव्हतं. मुद्द्याला धरून बोल, असं म्हणून मी तिला खाली बसवलं.

ती स्पर्धेच्या आदल्या दिवशीच तालुक्याला मामाकडे गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर आलो. पाणी चढलेलं होतं, पण नाव चालू होती. आमच्या नावाड्याला कोणी भाडं देत नसे. सुगीला घरटी धान्य द्यायचं आणि वर्षभर पलीकडे जायचं, अशी जुनी रीत. त्यामुळे ज्याचं धान्य खाल्लं त्याला काठावर ठेवायचं नाही, असा त्याचा नेम होता. नाव भरली तरी तो फक्त पुटपुटायचा, नको म्हणायचा नाही.

त्या सकाळी मात्र तो म्हणाला, आणि मलाच म्हणाला. “गुरुजी, आता पुरं. नाव लई बसली. फुडल्या खेपंला या.”

मी बाहेरगावचा, पगारी माणूस. माझ्या घरचं पसाभर धान्यही त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. मला नको म्हणायची त्याला पुरती मुभा होती. पण गुरुजीला दुसऱ्यांदा नको कोण म्हणणार? स्पर्धा चुकेल, एका माणसाने काय नाव बुडते, असं काहीतरी बोलत मी चढलो. मागे जागा नव्हती, म्हणून अगदी पुढच्या टोकाला, पाय आखडून बसलो. शेजारी पलीकडच्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेली एक बाई होती. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. तिने मला जागा करून देण्यासाठी डबा उचलून डोक्यावर धरला, हे मला आजही स्पष्ट आठवतं. बाकीचं तितकं स्पष्ट आठवत नाही.

नदीच्या मध्याला एक खडक आहे. पुरात तो बुडतो, वर नुसता भोवरा दिसतो. सगळ्यात पुढे मी होतो, म्हणजे तो आधी दिसायला हवा होता मला. मी मुद्दे वाचत होतो. मागून नावाडी ओरडला, नाव एकदम आडवी वळली, कूस खडकावर घासली आणि सगळे पाण्यात. कोणीतरी मला मानगुटीला धरून ओढलं. तो नावाडीच होता, हे नंतर लोकांनी सांगितलं. बाकी सगळे पोहत, धरत-सावरत निघाले. ती बाई तिसऱ्या दिवशी खाली वाळूत सापडली.

मारुतीच्या देवळात गाव बसलं. नाव त्याच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची, एवढंच ठरवायचं होतं. तीन पिढ्यांची नाव होती ती. लोकांनी मला विचारलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही नावेत होता, चूक कुणाची?

आणि मी बोललो. कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवून उठलो होतो, पण तोंड उघडल्यावर फळ्यावरचंच बाहेर पडलं. पूर असताना नाव सोडायला नको होती. जास्त माणसं घ्यायला नको होती. आणि सोडलीच तर खडकापाशी वळवायला नको होती, सरळ घेतली असती तर टोक फुटलं असतं, पण नाव उलटली नसती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जास्तीचा माणूस कोण होता, हे मी सांगितलं नाही. लपवलं असंही म्हणवत नाही, कारण त्या क्षणी ते मला खरंच आठवलं नाही. निदान आजवर मी स्वतःला असंच सांगत आलो आहे. नावाडी खांबाला टेकून खाली बघत बसला होता. त्याने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो बोलेल. तो बोलला नाही, आणि नाव त्याच्या चुलतभावाकडे गेली.

पुढे दुष्काळ आला. नदी अशी आटली की माणसं चपला घालून पलीकडे जाऊ लागली. एकदा संध्याकाळी मी पलीकडून परत येताना तो जुना नावाडी मला पात्रात भेटला. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडून आला होता, हाताला चिंध्या बांधलेल्या. आम्ही दोघं त्या खडकापाशी थांबलो. माझ्या कमरेइतकाच तर होता. एवढ्याशा दगडाची मी मनात केवढी भिंत करून ठेवली होती.

दोन वर्षं डोक्यात घोळत होतं ते मी विचारलं. तू सरळ घेतली असतीस तर ती बाई वाचली असती का?

त्याने खडकावर हात ठेवला. मग साध्या आवाजात म्हणाला, “वाचली असती बी. पर सरळ घ्याची कशी, गुरुजी? टोकाला तुमी बसला हुता. पाय बी बाहेर काढता येत न्हवतं तुमाला.”

बाई माझ्या शेजारीच होती, तीही टोकालाच होती, मग वाचली असती कशी, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. तो खरं सांगत होता, की दोन वर्षांनी मला शिक्षा देत होता, की उलट दिलासा देत होता, मला काहीच कळेना. त्या मुलीचा प्रश्न मात्र आठवला, नाकाकडं कोन झोपलेलं हुतं.

पुढच्याच आठवड्यात मी देवळात जाऊन सगळ्यांना सांगितलं, की नको म्हटलेलं असताना चढलेला माणूस मीच होतो. लोकांनी ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, “आता सांगून काय, गुरुजी? नदीला पानी हाय का?”