गंधारात खीर

माझे वडील न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात हमाली करायचे. एकदा तिथे क्रेनवरून एक मोठा खोका निसटला. आत परदेशी चिनी मातीच्या वाट्या होत्या. बऱ्याचशांचा चुरा झाला आणि ज्या वाचल्या त्या मालवाल्या शेटच्या माणसाने कामगारांना देऊन टाकल्या. वडिलांच्या वाट्याला पोतंभर वाट्या आल्या. लहान, मोठ्या, खोलगट, उथळ, सगळ्यांवर निळी फुलं.

आईला आकाश ठेंगणं झालं. साताऱ्याकडून नेरूळला आल्यापासून घरात सगळी जर्मनची भांडी, तीही पोचे पडलेली. आता पाहुणा आला की त्याच्यापुढे काय ठेवायचं हा प्रश्न सुटला होता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहायचे. एका संक्रांतीला आईने त्यांच्यासाठी माझ्या हाती वाटीतून तिळाची वडी पाठवली. त्यांनी वडी टेबलावर ठेवली, वाटी कानाजवळ धरली आणि पेन्सिलीने तिच्या काठावर टिचकी मारली.

"ही कुठून आणलीस गं?"

"आमच्याकडे पोतंभर आहेत."

गुडघे धरून जिना चढणारे मास्तर त्या दिवशी माझ्या पुढे पळत वर आले. तरुणपणी ते जलतरंग वाजवायचे. आता हात थरथरत होते, पण कान शाबूत होते. वाट्या अर्धगोलात मांडायच्या, पाणी घालायचं, पाणी वाढलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो, हे त्यांनी मला आमच्याच फरशीवर शिकवलं. मी तेव्हा सातवीत होते. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की दप्तर फेकून वाट्यांसमोर बसायला लागले.

आईची एकच अट होती. पाहुणे आले की वाट्या तिच्या. त्यामुळे माझा रियाज पाहुण्यांच्या मर्जीवर चालायचा. आत्या मुक्कामाला आली तेव्हा धैवतात लोणचं होतं आणि मध्यम तर चार दिवस विरजण लावण्यात अडकला होता.

दोन वर्षांनी मास्तर म्हणाले, "माझ्याजवळचं संपलं. आता हिला गिरगावात गुरुजींकडे पाठवा." गुरुजींची फी होती, जाण्यायेण्याचं भाडं होतं आणि वडिलांना यार्डात काम लागेल त्या दिवशीच पैसे मिळायचे. वाशीत एक मंडळ होतं. गरीब घरातल्या, वाद्य वाजवणाऱ्या मुलांना ते मदत करायचं. मास्तरांनी त्यांच्याकडे अर्ज केला आणि एका रविवारी सकाळी मंडळाच्या तिघांनी मला ऐकायला घरी यायचं ठरलं.

आईला मी आधीच बजावलं होतं, "आज वाट्यांना हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" आई म्हणाली.

मी पहाटे उठून वाट्या लावल्या, मास्तरांनी सूर तपासले. पाहुणे आले म्हणून मी आणि मास्तर त्यांना आणायला खाली गेलो. अध्यक्षांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. त्यांच्याबरोबर गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या आणि मंडळाचे खजिनदार होते, हाताला घट्ट घड्याळ बांधलेले, बारीकसे गृहस्थ. जिने चढून, खोली दाखवून, सगळे खाटेवर टेकेपर्यंत आई हसतमुखाने ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये तीन वाट्या शेवयांची खीर होती. वाट्यांवर निळी फुलं होती.

मी वळून फरशीकडे पाहिलं. रांगेत तीन खिंडारं पडली होती.

"आई!"

"मग काय पाव्हण्यांना जर्मनच्या वाटीत देऊ व्हय?" आई माझ्या कानाशी फिसकारली. "पानी वतून घेतलंय मी बाजूला. तुझं पानी हाय की जसंच्या तसं."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मी भूप राग वाजवणार होते. अध्यक्षांच्या हातात पंचम होता, बाईंच्या हातात धैवत आणि खजिनदारांकडे गंधार. भूपातला गंधार काढला तर उरतं काय?

अध्यक्षांनी दोन घासांत पंचम मोकळा केला. बाईंनीही धैवत लवकर संपवला. मी दोन्ही वाट्या धुऊन, पाणी घालून लावल्या. खजिनदारांची वाटी मात्र काठोकाठ तशीच होती.

"मला साखर आहे हो," ते अगदी केविलवाणं म्हणाले. "घरी समजलं तर..."

"साखर हाय खिरीत, मस्त हाय," आई म्हणाली. "खावा तुमी."

दुसऱ्या वाटीत गंधार लावावा तर बाकीच्या वाट्या एक तर फार मोठ्या नाहीतर फार छोट्या. पाहुण्यापुढे ठेवलेली खीर परत घ्यायला आई तयार होईना. शेवटी मास्तर म्हणाले, "वाटी खाली ठेवा. तशीच वाजवू."

मी काडी मारली. आईने दूध पुरावं म्हणून खिरीत पाणी ढकललं होतं, ते त्या दिवशी कामी आलं. वाटी चक्क वाजली. पण सूर फार खाली होता.

"दोन चमचे खा," मास्तरांनी खजिनदारांना सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून खाल्ले. मी वाजवलं.

"अजून एक."

त्यांनी खाल्ला. गाण्याच्या बाई आता पुढे सरकून कान देऊन बसल्या होत्या. "अर्धा चमचा, अर्धाच," त्या म्हणाल्या. "बस्स! लागला!"

तेवढ्यात वाटी रिकामी होताना दिसली म्हणून आईने मागून येऊन त्यात पळीभर खीर वाढली.

"नको!" आम्ही सगळेच ओरडलो. आई पळी हातात धरून जागच्या जागी थिजली. खजिनदारांनी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, घड्याळ काढून खिशात टाकलं, मांडी घातली आणि मुकाट्याने गंधार परत सुरात आणला.

मग मी भूप वाजवला. शेवया तळाशी असल्याने गंधार थोडा जाडसर येत होता, पण खरा येत होता. वाजवताना मला पाहुण्यांची भीती वाटेनाशी झाली. इतकं सगळं झाल्यावर आणखी काय व्हायचं राहिलं होतं? द्रुत गत संपली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून आलेलं की ऐकून, ते मला कळलं नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मुलगी चांगली वाजवते. पण आमचा एक नियम आहे. वाद्य तिच्या मालकीचं पाहिजे."

"कसलं वाद्य?" आई म्हणाली. "वाट्या माझ्या हायत."

वडील तोवर दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "आणल्या मी."

"म्या धुतल्या," आई म्हणाली. विषय संपला.

तिघं बाल्कनीत जाऊन कुजबुजले. खजिनदारांचा आवाज सगळ्यांत चढा येत होता. "नियम राहू दे हो बाजूला! मी इतकी खीर काय उगाच खाल्ली?"

पुढच्या आठवड्यात मंजुरी आली. गुरुजींची फी आणि प्रवासभाडं दहावीपर्यंत मंडळ देणार होतं. शिवाय अध्यक्षांच्या दुकानातून स्टीलच्या वाट्यांचा डझन आला. तो खर्च खजिनदारांनी वाद्यदुरुस्तीत दाखवला, असं मास्तरांनी आम्हाला सांगितलं. आईने स्टीलच्या वाट्या उलटसुलट करून पाहिल्या, एकमेकींवर आपटून पाहिल्या आणि "ह्या वाजत न्हाईत" म्हणून समाधानाने फळीवर मांडल्या.

गिरगावला पहिल्यांदा जाताना वडिलांनी कामाचा खाडा केला. आंब्याच्या पेटीत आईची जुनी लुगडी अंथरून त्यांनी वाट्या एकेक करून गुंडाळल्या. यार्डात दिवसभर पोती फेकणारा माणूस त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा असूनही पेटी छातीशी धरून उभा राहिला. खड्डा आला की ते स्वतःच गुडघ्यांत वाकून धक्का झेलायचे. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा की, पडाल." वडील म्हणाले, "मी पडलो तर चालतंय."

गुरुजींकडे पोहोचलो तेव्हा वडिलांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. गुरुजींनी पेटीतल्या वाट्या एकेक करून पाहिल्या, काही वाजवल्या. मग मला विचारलं, "काय काय येतं?"

"भूप," मी म्हणाले.

"आणि?"

"अजून भूपच."

ते हसले आणि समोरच्या सतरंजीवर मला जागा करून दिली.