गोदामावशींचं विरजण

आज सकाळी झाकण काढलं, तर दही वडी पडावी इतकं घट्ट लागलेलं. कालच्या चमचाभर दह्यातून आजचं, परवाच्यातून कालचं. असं मागे मागे जात राहिलं की वाटेत गोदामावशी भेटतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्या एकट्याच राहायच्या. नवरा ऐन तरुणपणी गेलेला. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही, पण दही बिघडलं की वाटी घेऊन सगळ्या त्यांच्याच दारात. वर त्यांचा दम, "दिवेलागणीच्या आत या गं, नंतर विरजण देत नाही मी!"

एकदा महिनाभर लेकीकडे राहून आल्या आणि स्वतःच वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या. "दे बाई, माझंच मला थोडं!" किती हसलो होतो दोघी.

गेल्या महिन्यात मावशी गेल्या. काल लेकीनं घर आवरलं, भांडीकुंडी वाटून टाकली, कुलूप लावलं. बसला निघताना माझ्याकडे आली. हातात छोटा डबा.

"वहिनी, आईचं विरजण आहे ना तुमच्याकडे?"

गल्लीत दिवे कधीच लागले होते. मावशींनी दिलं नसतं.

मी दिलं.