पुढे न्या

"पुढे न्या."

आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात टेबलामागच्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. समोर बाकावर माझा नवरा कण्हत होता. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना पाकट माशाचा काटा पावलात घुसलेला. पाऊल टरटरून सुजलेलं. मी बांधलेला फडका रक्ताने चिकटला होता. तो त्यांनी सोडला नाही. खिडकी मात्र उघडायला लावली. आम्ही माझ्या मासळीच्या टेम्पोतून आलो होतो ना. वास येत होता.

"पुढे म्हणजे कुठे?"

"गोव्याला. इथे सोय नाही."

मी तोंडवलीची. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, त्यातून टेम्पो केला. बांगड्याचा कल्ला उघडल्याशिवाय लिलावात बोली लावत नाही. आणि त्या दिवशी "बरं साहेब" म्हणून निघाले. वाटेतल्या मोठ्या दवाखान्यातही तेच. पुढे न्या.

गोव्यात पोचेपर्यंत नवरा तापाने बडबडत होता. तिथल्या हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने आधारकार्ड पाहिलं. "भायले? थंय लायनीत राव." बाहेरचे. त्या रांगेत मालवण, कुडाळ, सावंतवाडी, सगळे आपलेच. कणकवलीची एक म्हातारी हसून म्हणाली, "गे बाय, हय आपली जत्राच भरली हा. फकत देव मिळना नाय."

कोणीतरी विचारलं, तुमका कोणी धाडल्यान? म्हातारी म्हणाली, "फुडे जावा म्हणान सांगल्यानी."

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. दारात भिकारी आला की आम्ही काय म्हणतो? माफ कर, फुडे जा. अख्खी रांग तशीच हाकललेली. तीसुद्धा माफ कर न म्हणता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फडका सोडला आणि कपाळाला हात लावला. "हें थंयच धुवपाचें आशिल्लें." तिथेच धुवायला हवं होतं. जखम सडली होती. दोन बोटं कापली. आता रापण ओढताना त्याचा तो पाय वाळूत घट्ट रोवत नाही.

त्यांनी सांगितलं, पट्टी रोज बदला, तुमच्या जवळच्या दवाखान्यात. आम्ही परत त्याच पहिल्या डॉक्टरांच्या टेबलासमोर.

"जिथे कापलं, तिथेच न्या."

मी दारात उभी राहिले. "नाय नेवचंय. आधी पट्टी सोडून बघा. मगे काय ता सांगा."

नवऱ्याने पदर ओढला. "गप रव गो. उद्या परत हेंच्याकडेच येवचा लागतला."

"म्हणानच बोलतंय."

डॉक्टर ओरडले, "आवाज खाली. हा मासळीबाजार नाही."

"मासळीबाजारात उघडून दाखवतत, साहेब. हय तितकापण नाय."

बाकावरची माणसं हसली. मग उठून माझ्या बाजूला आली. डॉक्टरांनी हातमोजे घातले. पट्टी सोडली, जखम धुतली, नवी बांधली. औषध कपाटातच होतं. कापूसही. मला माहीत आहे, तिथे सर्जनची जागा रिकामी आहे. पण नळाला पाणी होतं.

नवऱ्याची बोटं परत येणार नाहीत. मला समजूत नको. आमच्या किनाऱ्यावर कोणी आजारी पडलं की आता मी सोबत जाते. उद्धट म्हणा, भांडकुदळ म्हणा. पोलीस बोलवा. माणसाला हात लागेपर्यंत मी दार सोडणार नाही.