अर्धा कोयता

माझी पहिली नेमणूक पिंपळनेरच्या पुढे, डोंगरालगतच्या एका गावात झाली. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी जळगाव शहरात वाढलेली. अहिराणी कानावर पडलेली होती, बोलता येत नव्हती. आणि वर्गातली पोरं तर घरी दुसरं काहीच बोलत नसत.

दुसरीला सम-विषम शिकवायचं होतं. मी चिंचोके वाटले. "दोन-दोनच्या जोड्या लावा. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर सम. एक एकटा उरला तर विषम." एकी-बेकी खेळणारी पोरं ती, त्यांना लगेच समजलं.

मागच्या रांगेत एक मुलगी होती, बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच. दिवाळी झाली की ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायची आणि उन्हाळ्यात परतायची, म्हणून अजून दुसरीतच होती. मी तिला विचारलं, "तुझे आई आणि वडील मिळून सम की विषम?"

तिनं जरा विचार केला. "विषम."

पोरं हसली. मी म्हटलं, "अगं, दोन माणसं ना ती?"

"मानसं दोन शेतस बाई. पन मुकादम तेस्ले एकच कोयता म्हनस."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तोडीवर नवरा-बायकोला मिळून एक कोयता मोजतात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मी तिला म्हटलं, "मुकादमाचं राहू दे. इथं आपण डोकी मोजायची." ती हसली. पुढे तिचं एकही गणित चुकलं नाही.

दिवाळीनंतर ती तोडीला गेली. उन्हाळ्यात बापलेक परतले, आई नव्हती. तोडीवर ताप आला, दवाखाना लांब होता, तिथंच ती गेली. हे मला गावातल्या बायकांनी सांगितलं. शाळा उघडल्यावर मुलगी आली ती केसांचा गुंता घेऊनच. मधल्या सुट्टीत मी तिला पायरीवर बसवलं, तेल लावलं, वेण्या घातल्या. मी रिबीन बांधताना ती म्हणाली, "माय याहून घट्ट बांधे." मी सोडून पुन्हा बांधली. ती म्हणाली, "नही बाई, तशी नही." आणि मग गुडघ्यात डोकं घालून रडली.

त्या पावसाळ्यात ती रोज आली. तिसरीचं पुस्तक वाचायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील शाळेत आले. दाराबाहेरच चपला काढून उभे राहिले.

"बाई, पोरीले तोडीवर लई जास."

"भाऊ, ती हुशार आहे. नातेवाइकांकडे ठेवा. नाहीतर माझ्याकडे राहू द्या."

"तुमी म्हनतस ते खरं शे. पन मी आते अर्धा कोयता शे. एकटाले कोन मुकादम लई?"

"ती लहान आहे हो. मोळी उचलणार आहे का तिला?"

त्यांनी मान वर केली नाही. "हलकी बांधसू," एवढंच म्हणाले.

मी मुख्याध्यापकांकडे गेले, सरपंचांना भेटले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. ट्रक आला त्या सकाळी मी रस्त्यावर गेले. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली यांच्यामध्ये ती बसली होती. मांडीवर आईची चुंबळ, डोक्यावर ओझं घेताना ठेवतात ती. मला बघून तिनं हात हलवायला घेतला, पण ट्रक वळला आणि तिला दोन्ही हातांनी फळी धरावी लागली.

उन्हाळ्यात ती आली, पण शाळेत आली नाही. मी घरी गेले की ती भाकरी थापत असायची, "शाळामा येसू बाई" म्हणायची. पुढे तिचं लग्न लागलं ते मला नंतर कळलं.

काही वर्षांनी पिंपळनेरच्या बाजारात कुणीतरी माझा पदर ओढला. "बाई, वळखं का माले?" कडेवर बाळ होतं. मी म्हटलं, "याला शाळेत घालशील ना?"

"आमी गावमा ऱ्हायनूत तर घालसू." मग तिनं विचारलं, "तुमी तठेच शाळामा शेतस ना बाई?"

मी सांगितलं, माझी बदली झाली आहे, जळगावकडे चालले आहे.

"मंग आते कशी भेट?" ती म्हणाली. लांबून तिच्या नवऱ्यानं हाक मारली. तिनं बाळाचा हात धरून माझ्या हाताला लावला आणि ती गर्दीत निघून गेली.